वर्गातली मुलं उठवायची कशी आणि पुन्हा बसवायची कशी, हे भावी शिक्षकांना कोण शिकवणार?

शहापूरची_बाई

नमस्कार मंडळी. मी बेळगावात डीएडच्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिकवते. कागदोपत्री आता डीएलएड म्हणतात, पण आपल्याकडं अजून सगळे डीएडच म्हणतात. सराव पाठ बघायला शहरातल्या आणि खानापूर, हुक्केरीकडच्या शाळांत जावं लागतं. तिथं जे दिसतं त्यावर इथं बोलावंसं वाटलं, कारण या गटात शिक्षक, पालक आणि शिकणारी मुलं, तिघंही आहेत.

आमच्या छात्राध्यापकांना, म्हणजे या शिकाऊ शिक्षकांना, पेपरात विचारा, शारीरिक हालचालीतून अध्ययन म्हणजे काय, तर दोन पानं लिहितील. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळ आणि विषय एकत्र शिकवायला सांगितलंय, देशी खेळ वर्गात आणायला सांगितलंय, हेही त्यांना पाठ असतं. पण प्रत्यक्ष सराव पाठात पस्तीस मिनिटं एकही मूल जागचं उठत नाही. उठलं तर फळ्यावर उत्तर लिहायला एखादं, तेवढंच.

आळस हे त्याचं कारण नाही. पाठ संपल्यावर बाजूला घेऊन विचारलं की बहुतेक जण एकच सांगतात: "मॅडम, एकदा उठली की परत बसत नाहीत." ही भीती खरी आहे. निरीक्षण वहीत 'वर्ग नियंत्रण' असा रकाना असतो आणि शांत वर्गाला तिथं गुण मिळतात. चाळीस मुलं उभी राहून टाळ्या वाजवत असताना शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात येऊन उभे राहिले, तर वीस वर्षांच्या पोरीनं काय करायचं? ती पुढच्या पाठाला कुणालाच उठवत नाही. मग नोकरी लागते, आणि पुढची तीस वर्षं तोच वर्ग तसाच बसलेला राहतो.

आपण त्यांना खेळांची यादी देतो. यादी त्यांच्याकडं आधीच आहे. लंगडी, लगोरी, खो-खो, फुगडी, सगळं ती लहानपणी खेळलेली आहेत. त्यांना हवी आहे ती थांबवण्याची कला: खूण कुठली द्यायची, ती केव्हा शिकवायची, मुलं बसल्यावर पहिल्या दहा सेकंदांत त्यांच्या हाताला काय काम द्यायचं. हे कुठल्याच टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, लिहिलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच की शिक्षक घडवताना आपण हे शिकवलं पाहिजे, आणि तेही भाषणातून नाही. आधी त्यांना स्वतः उठवून, मग खऱ्या अडचणीच्या खोलीत करायला लावून.

एक पाठ सांगते, त्यातून मुद्दा कळेल. तिसरीचा वर्ग, वीस बाय वीसची खोली, खाली शहाबादी फरशी, मुलं जाजमावर. विषय स्थानिक किंमत. छात्राध्यापिकेनं खडूनं फरशीवर तीन चौकोन आखले: शतक, दशक, एकक. तीन मुलं चौकोनात उभी. ती संख्या म्हणणार, एककवाल्यानं तेवढ्या टाळ्या वाजवायच्या, दशकवाल्यानं तेवढे हात वर-खाली करायचे, शतकवाल्यानं तेवढ्या उड्या मारायच्या. बाकीच्यांनी जागेवर उभं राहून सोबत करायचं. २०५ म्हटल्यावर दशकवाला गोंधळला. काय करायचं त्याला कळेना. वर्गातली दोन-तीन मुलं ओरडली, "तू गप्प उभा रहा!" शून्य म्हणजे जागा धरून गप्प उभं राहणं, हे त्या वर्गाला फळ्यावरून कळायला आठवडा गेला असता.

पण मला त्याहून आवडलं ते पुढचं. पाठ सुरू करायच्या आधीच तिनं खूण शिकवून ठेवली होती: ती हात वर करून बोटं मिटत आणणार, मूठ झाली की सगळे खाली. ते तिनं पाठाआधी दोनदा नुसतं खेळून घेतलं, उठा-बसा, उठा-बसा. आणि मूठ मिटताना ती म्हणायची, "बसल्याबरोबर पाटीवर आत्ताची संख्या लिहा." "गप्प बसा" असं तिला म्हणावंच लागलं नाही. मुलं बसतात ती पुढच्या कामामुळं. ओरडण्यानं बसत नाहीत.

हे तिला आम्ही शिकवलेलं नव्हतं. तिची मोठी बहीण अंगणवाडीत आहे, तिच्याकडून ती शिकली. चांगलं प्रशिक्षण नशिबावर का सोडायचं?

द्वितीय_वर्ष_डीएड

मॅडम, तुम्ही लिहिलंय ते अगदी खरं आहे. आमच्या बॅचमध्ये मुली जास्त आहेत. एक अडचण कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. पाठाला साडी सक्तीची आहे. साडी नेसून उडी मारून दाखवायची कशी? वरच्या वर्गाला पाठ असला तर मागच्या रांगेतली मोठी मुलं बघत असतात. शिवाय पाळीचे दिवस असतात. उभं राहायचंही जिवावर येतं, आणि टाचणात 'कृती' लिहिलेली असते. मग आम्ही टाचणात लिहितो आणि वर्गात टाळतो.

सातवीच्या मुलींचंही तसंच. मुलांसमोर त्या उड्या मारायला तयार नसतात. जबरदस्ती केली तर दुसऱ्या दिवशी शाळेलाच येत नाहीत.

जांबोटी_मार्ग

मी खानापूर तालुक्यातल्या दोनशिक्षकी मराठी शाळेवर आहे. पहिली ते पाचवी. एक खोली माझी, एक बाईंची. माझ्या खोलीत तिसरी, चौथी, पाचवी एकत्र. आता सांगा, चौथीचा भूगोल मी हालचालीतून घेतला तर पाचवीची पोरं काय करणार? ती बघत बसतात, नाहीतर तीही उठतात.

दुसरं, आमच्याकडचा पाऊस. कणकुंबी, जांबोटी पट्ट्यात पाऊस लागला की मैदान म्हणजे तळं. जून ते सप्टेंबर पोरं बाहेर काढता येत नाहीत. फरशीला ओल सुटते, पाय घसरतो. म्हणजे वर्गातल्या हालचालीची गरज आम्हालाच सगळ्यांत जास्त, आणि जागा आमच्याकडंच सगळ्यांत कमी. तुमचे छात्राध्यापक येतात ते डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या दिवसांत. त्यांना जुलैत पाठवा की. खरी शाळा काय असते ते तेव्हा कळेल.

आणि एक. आमची पोरं वाडीवरून रानातनं चालत येतात. घरी गेल्यावर गुरं, पाणी, लाकडं. त्यांना हालचाल कमी पडते असं मला तरी वाटत नाही. हे शहरातल्या रिक्षातून येणाऱ्या मुलांसाठी असावं.

मैदान_निपाणी

मी शारीरिक शिक्षक. धागा वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. काळजी सांगतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक सांगितलाय, पण तो सहावी ते आठवीला आणि तोही पट शंभरच्या वर असेल तर. आपल्या सीमाभागातल्या किती मराठी शाळांचा पट शंभरच्या वर आहे? म्हणजे बहुतेक ठिकाणी आधीच कुणी नाही. आता वर्गशिक्षकच गणिताच्या तासाला उड्या मारून घेतोय म्हटल्यावर उद्या वरून विचारतील, खेळाचा तास कशाला, मैदान कशाला? वर्गातल्या पाच मिनिटांना खेळाचा तास म्हणून दाखवलं जाईल.

खेळाच्या तासात पोरगं झेल घ्यायला शिकतं, तोल शिकतं, पडायचं कसं ते शिकतं. शतक-दशकाच्या टाळ्यांनी ते होणार नाही. निपाणी-चिक्कोडीकडं अजून तालमी आहेत, भल्या पहाटे रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं आहेत. पण हीच पोरं सतरा-अठराव्या वर्षी पहिल्यांदा नीट पळायला शिकतात आणि गुडघे दुखवून घेतात. पायाच घातलेला नसतो.

शहापूरची_बाई

सर, तुमची काळजी अगदी रास्त आहे आणि ती धाग्यात आली हे बरं झालं. खेळाचा तास वेगळा आणि वर्गातली हालचाल वेगळी. एकाच्या बदल्यात दुसरं चालणार नाही, हे छात्राध्यापकांच्या मनावर पहिल्याच आठवड्यात ठसवलं पाहिजे. उद्या तेच मुख्याध्यापक होणार, तेच वेळापत्रक लावणार. आणि मला वाटतं डीएड-बीएडच्या कॉलेजांनी तुमच्यासारख्यांना बोलवावं. शिट्टी न वाजवता चाळीस पोरं कशी थांबवायची हे तुमच्याइतकं कुणाला येतं?

जांबोटी_मार्ग गुरुजी, तुमच्या पोरांना व्यायाम भरपूर आहे हे मान्य. पण मी व्यायामाबद्दल बोलतच नाहीये. सकाळी रानातनं चालत आलेलं आठ वर्षांचं मूल दुपारी जेवण झाल्यावर तासभर मांडी घालून बसतं तेव्हा काय होतं, ते तुम्ही रोज बघता. त्या वेळी तीन मिनिटं उठवलं, आणि उठवताना जे शिकवतोय तेच अंगातून काढून घेतलं, तर पुढची वीस मिनिटं हाती लागतात. एवढंच.

कोपऱ्यातला_वाचक

आरोग्याची बाजू आणि शिकण्याची बाजू वेगवेगळी ठेवली तर गोंधळ कमी होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनात ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगितली आहे. ती चालण्यातून, खेळातून, कामातून कुठूनही येऊ शकते. वर्गातल्या पाच मिनिटांनी ती भरून निघणार नाही, तसा दावाही कुणी करू नये.

शिकण्याच्या बाजूनं काय दिसलंय? नेदरलँड्समध्ये ४९९ प्राथमिक मुलांवर दोन वर्षं प्रयोग झाला. आठवड्यातून तीनदा, २० ते ३० मिनिटं, गणित आणि भाषा हालचालीतून. शब्दाच्या प्रत्येक अक्षराला एक उडी, गुणाकाराचं उत्तर उड्यांनी, असं. २०१६ साली निकाल छापून आले: गणितात आणि शुद्धलेखनात मुलं पुढं गेली, वाचनात फरक दिसला नाही. नॉर्वेत ५७ शाळांतल्या पाचवीच्या मुलांवर २०१४-१५ मध्ये असाच मोठा प्रयोग झाला. तिथं सगळ्या वर्गाच्या सरासरीत फरक पडला नाही, पण गणितात सर्वांत मागं असलेल्या तिसऱ्या हिश्शाला फायदा झाला.

मला या दोन्हींत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हालचाल धड्याला जोडलेली होती. नुसतं "उठा, हात झटका, बसा" एवढंच नव्हतं. छात्राध्यापकांना हा फरक शिकवायला हवा. हात झटकून कंटाळा जाईल, पण २०५ मधला शून्य कळणार नाही.

जांबोटी_मार्ग

मागं पडलेल्या पोरांना फायदा होतो हे वाचून बरं वाटलं. माझ्याकडं तीच जास्त आहेत.

मग मी जे करतो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. आमच्या मराठी शाळेतही कन्नड शिकवावं लागतं, आणि घरात कन्नडचा गंध नसलेली पोरं असतात. मी तिन्ही वर्ग एकदम उभे करतो आणि कन्नडमध्ये आज्ञा देतो: एळु (ऊठ), निल्लु (उभा रहा), जिगि (उडी मार), तिरुगु (वळ). आधी मी स्वतः करतो, मग ती करतात, मग मी नुसतं बोलतो. ओल असेल त्या दिवशी 'जिगि' नाही, फक्त टाचा वर. पाचवीतलं एक पोरगं आज्ञा देतं, तिसरीची पोरं पाळतात. इथं तिन्ही वर्ग एकत्र असल्याचा फायदाच होतो. लिहून दिलेले शब्द विसरतात, हे विसरत नाहीत.

कोपऱ्यातला_वाचक

गुरुजी, तुम्ही करताय ती भाषा शिकवण्याची मान्य पद्धत आहे. जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात ती मांडली: आधी ऐकून अंगानं उत्तर द्यायचं, बोलायची घाई नाही. बेळगाव जिल्ह्यात शिक्षक होणाऱ्या प्रत्येकाला हे यायला हवं, कारण इथं जवळजवळ प्रत्येक वर्गात कुठलंतरी मूल शाळेच्या भाषेबाहेरचं असतं. मराठी घरातलं मूल कन्नड शाळेत, कन्नड घरातलं मराठी शाळेत, उर्दू घरातलं दोन्हीकडं.

अथणीची_आई

मी शिक्षक नाही, पालक आहे. माझी मुलगी चौथीत आहे, डाव्या पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) आहे. शाळेतली माणसं चांगली आहेत, तिला जपतात. पण खेळ असला की तिला कट्ट्यावर बसवून गुण मोजायला देतात. घरी येऊन ती सांगते, "आज पण मी मोजलं." आता वर्गातपण सगळे उठून उड्या मारणार असतील तर तिथंही ती बसून मोजणार का? आजवर वर्गात तरी ती सगळ्यांसारखी होती.

मैदान_निपाणी

ताई, तुमचा प्रश्न आधी सुटला पाहिजे, मग बाकीचं. माझा अनुभव असा की नियम सगळ्या वर्गाचा बदलायचा, एका मुलीचा नाही. म्हणजे उड्यांऐवजी सगळ्यांनीच बसून दोन्ही हातांनी मांडीवर थाप. चेंडू द्यायचा तर सगळ्यांनी बसून गोलात. तिच्या हाताला जोर असेल तर असा खेळ निवडायचा जिथं हात चालतात, मग ती पुढं जाते. आमच्याकडं एक मुलगा होता, काठी घेऊन चालायचा, बसून चेंडू टाकण्यात त्याला कुणी हरवू शकत नसे.

आणि छात्राध्यापकांनी तिला आधी विचारावं, सगळ्यांसमोर नाही. मुलं स्वतः सांगतात काय जमतं ते.

शहापूरची_बाई

ताई, तुमचं लिहिणं मी आमच्या वर्गात वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. आमच्या टाचणात 'अध्ययन साहित्य', 'पूर्वज्ञान' असे रकाने असतात. त्यात एक रकाना हवा: उभं राहता न येणारं मूल हीच कृती कशी करेल? तो रिकामा असेल तर पाठ मंजूर करायचा नाही. सरांनी सांगितलं तसं, कृती बसून होत असेल तर सगळ्यांनी बसून करायची.

द्वितीय_वर्ष, साडीचं तू लिहिलंस ते फार बरं केलंस. पंजाबी ड्रेसला परवानगी मिळावी असं माझं स्पष्ट मत आहे आणि मी ते बैठकीत मांडते आहे. पण तोपर्यंतसुद्धा तू उडी मारून दाखवायची गरज नाही. पाचवीच्या मुलानं आज्ञा द्यायची हे गुरुजींनी सांगितलंच. शिक्षकानं खूण द्यायची आणि बघायचं, तेवढं पुरतं. सातवीच्या मुलींसाठी मी एक बघितलंय: गोल करायचा नाही. गोलात प्रत्येक जण प्रत्येकाला दिसतो. सगळ्यांनी आपापल्या जागी, फळ्याकडं तोंड करून उभं राहायचं, शिक्षिका मागं. मुली पुढच्या रांगेत न ठेवता मागच्या रांगांत घेतल्या की त्या मोकळ्या होतात. आणि हालचाल लहान ठेवायची. अक्षांश-रेखांश हातांनी दाखवायला उडी लागत नाही. अपूर्णांक तर नुसत्या पावलांनी होतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत एक पूर्ण, मग अर्ध्यावर कोण, पाऊणवर कोण, दोन तृतीयांश नेमकं कुठं? यावर सहावीत भांडणं होतात, आणि ती भांडणं गणिताची असतात.

वडगाव_निवृत्त

चाळीस वर्षं शिकवलं. आमच्या वेळी शनिवारी सकाळी कवायत, लेझीम, आणि वर्गात बाराखडी तालावर म्हणायची. पुस्तकात नव्हतं, पण करायचो. नंतर अभ्यासक्रम वाढला, नोंदी वाढल्या, आणि पोरं बसली. बाई म्हणतात तो रकाना बदलला तरच बदल होईल. गुण ज्याला असतात तेच छात्राध्यापक करतात, हे मी सराव पाठ बघणारा म्हणून सांगतो. 'वर्ग नियंत्रण'च्या जागी 'हालचालीनंतर वर्ग किती वेळात कामाला लागला' असं लिहा आणि घड्याळ लावा.

शहापूरची_बाई

सर, हे मी जसंच्या तसं उचलते. मोजता येण्यासारखं आहे, आणि छात्राध्यापकाला स्वतःची प्रगती दिसेल. पहिल्या पाठाला तीन मिनिटं लागली, पाचव्याला एक लागलं, तर त्याची भीती आपोआप जाईल.

वेळ नाही असं कुणी म्हणू नये. २०१४च्या नियमांनंतर बीएड दोन वर्षांचं झालं आणि त्यातले वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत असतात. डीएडलाही दोन वर्षं आहेत. माझा क्रम असा आहे: आधी सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या सरावात, एकमेकांवर, फक्त सुरू करणं आणि थांबवणं, विषय काहीही. दहा जण मुद्दाम दंगा करणार, एकानं त्यांना खुणेनं बसवायचं. मग शाळेत पाच मिनिटांचा तुकडा, अख्खा पाठ नाही. मग जोडवर्गाच्या, म्हणजे एका खोलीत अनेक इयत्ता असलेल्या शाळेत. आणि गुरुजी, शक्य झालं तर जुलैत.

जांबोटी_मार्ग

पाठवा. पोरांना नवीन माणूस आला की आनंद होतो. येताना घसरणार नाहीत अशा चपला घालून यायला सांगा, आणि खडूबरोबर सुतळीही आणा. ओल्या फरशीवर आखलेलं टिकत नाही, सुतळी लावून जागा दाखवावी लागते.

द्वितीय_वर्ष_डीएड

शेवटचं एक विचारते. पाठ चालू असताना, मुलं उभी असताना, सीआरपी (शाळांना भेट देणारे समूह साधन व्यक्ती) किंवा मुख्याध्यापक अचानक आत आले तर काय करायचं? आम्ही घाबरून लगेच सगळ्यांना बसवतो आणि सगळं विस्कटतं.

शहापूरची_बाई

थांबवू नको. आत आलेल्यांना मान हलवून नमस्कार कर आणि चालू ठेव. हातातली फेरी पूर्ण होऊ दे, मग नेहमीची खूण दे, नेहमीसारखं पाटीवर काम दे. मुलं बसून लिहायला लागली की मग त्यांच्याकडं जा आणि टाचण दाखव. त्यांनी वर्ग उभा असलेला बघितला, खुणेवर बसलेला बघितला आणि कामाला लागलेला बघितला, तर तुला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. आणि आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगून ठेव की उद्या तिसऱ्या तासाला थोडा आवाज होईल. शेजारच्या वर्गाच्या बाईंनाही सांग.